विसंवाद म्हणजे संवाद नसणं नव्हे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका मराठी शाळेत शिकवता. वार्षिक अहवालात तुम्ही लिहिलंत, ‘पालक आणि शाळा यांच्यात विसंवाद आहे.’ मुख्याध्यापकांनी ते वाक्य खोडलं आणि म्हणाले, ‘आपलं कुणाशी भांडण आहे का?’ तुमचं म्हणणं असं की भांडणाचा प्रश्नच नव्हता. पालक घरी कन्नड बोलतात, सभेला फारसे येत नाहीत, आले तरी गप्प बसतात. संवाद होत नाही, म्हणून विसंवाद. आता विचारता की चूक कुणाची, आणि विसंवाद, विसंगती, बेबनाव हे एकाच अर्थाचे शब्द आहेत का.

मी गेली एकतीस वर्षं सोलापुरात मुद्रितशोधनाचं काम करते. वृत्तपत्रं, स्मरणिका, प्रबंध, लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे अहवाल असं सगळं हाताखालून गेलं आहे. त्या अनुभवावरून आधी उत्तर देते आणि मग कारण सांगते. तुमच्या वाक्यात ‘विसंवाद’ हा शब्द बसत नाही. पण मुख्याध्यापकांनी लावलेला ‘भांडण’ हा अर्थही त्याचा नाही. हा शब्द त्या दोन्हींच्या मधल्या जागेचा आहे, आणि त्या जागेसाठी मराठीत दुसरा इतका नेमका शब्द नाही. म्हणून तो कुठेही वापरून बोथट होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

घोटाळ्याचं मूळ ‘संवाद’ या शब्दात आहे. आज आपण संवाद म्हणजे बोलणं, गप्पा, चर्चा, नाटकातल्या पात्रांची वाक्यं असं समजतो. मग ‘वि’ लावला की ‘बोलणं नाही’ असा अर्थ होणार, असं वाटणं साहजिक आहे. पण ‘संवाद’मधला ‘सम्’ नुसतं ‘दोघांनी मिळून’ एवढंच सांगत नाही. तो ‘जुळून, एकमेळाने’ असंही सांगतो. ऋग्वेदाच्या शेवटच्या सूक्तात ‘संगच्छध्वं संवदध्वं’ आहे. त्याचा अर्थ ‘गप्पा मारा’ असा नाही. एकत्र चला, एकमुखाने बोला, तुमची मनं एक होवोत, असं ते मागणं आहे. संवाद म्हणजे मुळात बोलण्यातला मेळ.

मराठीत हा अर्थ बराच काळ जिवंत होता. समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांत ‘तुटे वाद संवाद तो हीतकारी’ ही ओळ पुन्हा पुन्हा येते. ज्याने वाद तुटतो तो संवाद हिताचा, असं समर्थ म्हणतात. त्यातल्याच एका श्लोकात ‘जनीं वादवेवाद सोडूनि द्यावा, जनीं सुखसंवाद सूखें करावा’ असं आहे. वाद, विवाद, संवाद ही तिन्ही भावंडं दोन ओळींत समोरासमोर उभी आहेत. तुकोबांच्या ‘वृक्षवल्ली’च्या अभंगात शेवटी ‘तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी’ येतं. तिथे दुसरा माणूसच नाही, तरी वादही आहे आणि संवादही.

पुढे संवादातला हा मेळ झिजत गेला आणि नुसतं बोलणं उरलं. त्याचा पुरावा रोजच्या भाषेत आहे: आज मेळ सांगायचा असेल तर आपल्याला ‘सुसंवाद’ म्हणावं लागतं. मूळ शब्द पुरेसा असता तर त्याला ‘सु’ची काठी द्यावी लागली नसती. ‘विसंवाद’ने मात्र जुना अर्थ सोडलेला नाही. दोन्ही बाजू बोलत आहेत, वागत आहेत, दोन्हींचा आवाज ऐकू येतो आहे, पण तो एकमेकांत बसत नाही, म्हणजे विसंवाद. बोलणंच बंद असेल तर त्याला आपल्याकडे ‘अबोला’ हा केवढा सुंदर शब्द आहे. संबंधच उरला नसेल तर दुरावा.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. कामाला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. एका मैफलीचं परीक्षण तपासायला आलं होतं. लिहिणारे शहरातले एक वयस्कर गायनशिक्षक. सगळे त्यांना बुवा म्हणत. त्यांनी लिहिलं होतं की केदार रागात कोमल निषाद हा स्वर विवादी म्हणून फार देखणा लागला. मला वाटलं, ‘विवादी’ म्हणजे वादग्रस्त, इथे बुवांची चूक झाली. मी ते खोडून ‘विसंवादी असूनही देखणा’ असं केलं आणि पान सोडलं. दुसऱ्या दिवशी बुवा अंक हातात घेऊन आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘पोरी, तो निषाद चुकून लागला नव्हता, लावला होता. तू त्या गायकाला बेसूर ठरवलंस.’ आणि मला संध्याकाळी घरी बोलावलं.

त्यांच्याकडे मिरजेत बनवलेला जुना तानपुरा होता. चार तारा: एक पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या, आणि शेवटची खर्जाची. त्यांनी जोडाची एक तार लावून घेतली आणि दुसरी मुद्दाम खूप उतरवली. दोन्ही छेडल्या. दोन वेगवेगळे सूर, स्पष्ट, आपापल्या जागी. ‘हे ऐकून त्रास होतो का?’ नाही, म्हटलं. मग खुंटी हळूहळू पिळत त्यांनी दुसरी तार पहिलीच्या जवळ आणली. सूर जवळजवळ एक झाले आणि आवाज अचानक गदगदायला लागला. वांव, वांव, वांव अशी लाट. छातीत जाणवावी इतकी. आणखी थोडं पिळल्यावर लाट संथ झाली. मग खुंटी सोडून त्यांनी खालचा मणी केसभर सरकवला आणि लाट विरून गेली. दोन तारा आहेत हे कळेनासं झालं. एकच भरलेला, लांब सूर.

यामागचं गणित साधं आहे. एक तार सेकंदाला 138 वेळा कंप पावत असेल आणि दुसरी 140 वेळा, तर सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि दोनदा बसतो. फरक जितका कमी तितकी लाट संथ, फरक शून्य झाला की लाट नाही. पण माझ्या मनात बसलं ते बुवांचं वाक्य: ‘लांब होत्या तेव्हा त्यांच्यात काहीच नव्हतं. जवळ आल्या तेव्हा विसंवाद झाला. आणि बघ, दोन्ही वाजताहेत. एक गप्प केली की विसंवादही गेला.’

मी आजही या तीन कसोट्यांवर हा शब्द घासून बघते. दोन्ही बाजू वाजत असल्या पाहिजेत. त्या एकमेकींना जुळाव्यात अशी अपेक्षा, असं नातं असलं पाहिजे. आणि त्या जुळत नसल्या पाहिजेत. यातलं एक जरी नसलं तरी शब्द बदला.

विवादीबद्दलही सांगते, कारण ही चूक माझ्याइतकी इतरांकडूनही होते. भरताच्या नाट्यशास्त्रापासून स्वरांची वादी, संवादी, अनुवादी, विवादी अशी चार नाती सांगितली आहेत. तिथे संवादाला चक्क माप आहे: सप्तकातल्या बावीस श्रुती, म्हणजे सुरांची सूक्ष्म अंतरं, त्यांपैकी ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचं अंतर, ते एकमेकांचे संवादी. षड्ज-मध्यम आणि षड्ज-पंचम ही त्याची उदाहरणं. आजच्या रागांतही ते दिसतं. भूप रागात वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार तर संवादी धैवत, यमनात गंधार आणि निषाद. पहिल्या जोडीत षड्ज-मध्यमाचं नातं आहे, दुसरीत षड्ज-पंचमाचं. विवादी म्हणजे रागाच्या नेमात न बसणारा स्वर, पण जाणता गायक तो क्षणभर, मोजून लावतो आणि राग खुलतो. केदारातला कोमल निषाद तसाच. तेव्हा संगीतावर लिहिताना विवादी हे स्वराचं पद आहे, बेसूर हा गाणाऱ्याचा दोष आहे आणि विसंवाद हे दोन स्वरांमधलं बिघडलेलं नातं आहे. एकटा स्वर बेसूर होऊ शकतो; एकटा स्वर विसंवादी होऊ शकत नाही.

सोलापूरकरांना तानपुऱ्यापेक्षा माग जवळचा, म्हणून त्यातलंही एक सांगते. पूर्व भागात आमच्या ओळखीच्या घरी यंत्रमाग होते. चादरी व्हायच्या. एकदा तिथे एक चादर बाजूला काढून ठेवलेली दिसली. लांबून काही कळत नव्हतं. दारातल्या उजेडात धरल्यावर हिरव्या रंगात हातभर रुंदीचा एक पट्टा दिसला, किंचित फिकट. मी विचारलं, सूत खराब होतं का? घरातली बोली तेलुगू, पण माझ्याशी मराठीत बोलणारे ते काका म्हणाले, ‘सूत चांगलंय, रंगबी चांगलाय. दोन लॉट एकात आले.’ लॉट म्हणजे एका वेळी रंगवलेल्या सुताची खेप. दोन्ही लॉट हिरवेच, दोन्ही पक्के. वेगवेगळ्या चादरींत गेले असते तर दोन्ही चादरी पहिल्या दर्जाच्या झाल्या असत्या. एका चादरीत आले म्हणून पट्टा. धागा तुटला की कापडात रेघ पडते, भोक पडतं, ते तुटणं. हा पट्टा म्हणजे विसंवाद. कुठलाच धागा चुकलेला नाही आणि तरी कापड बिघडलं आहे. आपल्याकडे मैत्रीला ‘सूत जुळलं’ म्हणतात, ते किती डोळस माणसांनी म्हटलं असेल, असं मला त्या दिवशी वाटलं.

या उदाहरणात शब्दाचा मोठा गुण दिसतो: विसंवाद दोष कुणाच्याच माथी मारत नाही. म्हणूनच त्याचं क्रियापद वेगळं असतं. वाद आपण घालतो, भांडण करतो, तंटा उकरून काढतो, संवाद साधतो. विसंवाद मात्र कुणी ‘घालत’ नाही. तो असतो, होतो, वाढतो, जाणवतो, मिटतो. ‘त्यांनी विसंवाद केला’ असं वाक्य माझ्यासमोर आलं की मी पेन्सिलने गोल करते. लिहिणाऱ्याला तिथे बहुतेक वेळा ‘वाद घातला’ किंवा ‘शब्द फिरवला’ असं म्हणायचं असतं.

गंमत म्हणजे शब्द फिरवण्याचा अर्थ संस्कृतात या शब्दाला खरोखर आहे. तिथे विसंवाद म्हणजे वचनाला न जागणं, आणि प्रत्यक्ष पडताळ्यात खोटं ठरणंही. सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाने प्रमाणाची व्याख्याच ‘अविसंवादी ज्ञान’ अशी केली. उन्हात लांबवर पाणी दिसतं, तिथे गेलो तर कोरडी वाळू. दिसलं ते आणि मिळालं ते यांचा मेळ नाही, तेव्हा ते ज्ञान विसंवादी. मराठीत हा धागा ‘उक्ती आणि कृती यांच्यातला विसंवाद’ या प्रयोगात टिकून आहे. म्हणजे दोन बाजूंसाठी दोन माणसंच लागतात असं नाही. एकाच माणसाचं बोलणं एक आणि वागणं दुसरं, हाही विसंवाद.

इथेच विसंगतीशी गल्लत होते. मी स्वतः असा फरक करते: विसंगती दाखवता येते, विसंवाद जाणवतो. चरित्राच्या बाराव्या पानावर नायकाचा जन्म 1931 चा आणि चाळिसाव्या पानावर 1934 चा असेल, तर मी समासात ‘विसंगती’ लिहिते. साक्षीदाराने पोलिसांना सांगितलं अंधार होता आणि न्यायालयात सांगितलं दिवा होता, तर ती जबाबातली विसंगती. दोन विधानं शेजारी ठेवली की दोन्ही खरी असू शकत नाहीत, हे कुणालाही दिसतं. आकडे जुळत नसतील तर विसंगतीही नको, सरळ ‘तफावत’ म्हणा. रोकड आणि वही यांच्यात तफावत असते. आणि ‘विरोधाभास’ नावातच सांगतो की तिथे विरोधाचा नुसता भास आहे, नीट अर्थ लावला की तो मावळतो. तो अलंकार आहे. खऱ्या विरोधाला विरोधाभास म्हणू नका. ही चूक मी आठवड्यातून दोनदा तरी दुरुस्त करते.

बेबनाव वेगळ्या कुळातला. ‘बनणं’ म्हणजे पटणं, जमणं. ते न राहणं म्हणजे बेबनाव. हा माणसामाणसांतच होतो, सुरांत किंवा आकड्यांत नाही. त्याला आधीचा चांगला काळ लागतो: भागीदार होते, मित्र होते, सख्खे होते, आणि मग बेबनाव झाला. ज्यांचं कधी जमलंच नव्हतं त्यांच्यात बेबनाव होत नाही. तो अजून धुमसत असेल तर धुसफूस, अधूनमधून ठिणगी पडत असेल तर खटके, मनात अढी बसून नातंच कडवट झालं तर वितुष्ट, गटच पडले तर दुफळी. वाटणीवरून घराण्यात चाललं असेल तर भाऊबंदकी. त्याला दुसरा कुठलाच शब्द पुरत नाही. जोडी मुळातच जुळणारी नसेल तर विजोड. घरात यातलं काहीच कुणी म्हणत नाही. आमच्याकडे म्हणतात, ‘त्यांचं आता पटंना झालंय’, ‘दोघांत वाकडं आलंय’. लेखात पात्राच्या तोंडी बोलणं असेल तर कृपा करून हेच ठेवा. चुलीपुढे बसलेल्या आजीच्या तोंडी ‘विसंवाद’ आला की वाचक तिथेच थांबतो.

वृत्तपत्रात हा शब्द सर्वांत जास्त वाया जातो. रस्ता डांबरी होतो, आठवड्यात जलवाहिनीसाठी खोदला जातो आणि मथळा येतो, ‘दोन विभागांत विसंवाद’. खरं तर एकाला दुसऱ्याचं काम ठाऊकच नव्हतं. तो समन्वयाचा अभाव. पण एका विभागाने पत्र दिलं की खोदाई महिनाअखेरीस, दुसऱ्याने उत्तर दिलं की डांबरीकरण आधी, आणि दोन्ही पत्रं फाइलमध्ये असूनही दोघांनी आपापलंच केलं, तर मात्र मथळा बरोबर आहे. अशा वेळी मी बातमीदाराला विचारते, ‘त्यांचं एकमेकांशी बोलणं झालं होतं का?’ उत्तरावर मथळा ठरतो.

लेखनाबद्दल फार नाही. ‘वि’ ऱ्हस्व, अनुस्वार ‘स’वर. विशेषण विसंवादी, ते शेवटी दीर्घ. ‘यांच्यात’ वापरा, ‘पालकांचा विसंवाद’ लिहिलंत तर पालकांचा आपापसातला की शाळेशी, हे कळत नाही.

आता तुमच्या वाक्याकडे येते. तुम्ही लिहिता की पालक गप्प बसतात. म्हणजे एकच तार वाजते आहे. त्याला विसंवाद म्हटलं की न बोललेल्या माणसांवर न जुळल्याचा ठपका येतो, आणि तुमच्या पत्रावरून त्यांच्यावर असा ठपका ठेवण्याची तुमची मुळीच इच्छा दिसत नाही. मुख्याध्यापकांना भांडणाचा वास आला तो यामुळेच. तिथे असं लिहा: ‘पालकांची घरची भाषा कन्नड असल्याने शाळेशी त्यांचा संवाद फारसा होत नाही.’ कारणही आलं आणि दोषही कुणाला गेला नाही. अहवाल वरच्या कार्यालयात वाचला गेला तर कन्नड जाणणारी व्यक्ती सभेला बोलवावी, एवढं तरी त्यातून कुणाला सुचेल. ‘विसंवाद’ वाचून चौकशी लागली असती.

पण तुमच्याच पत्रात पुढे एक ओळ आहे, जी तुम्ही अहवालात घेतली नाही. दुसरीतला एक मुलगा शाळेत ‘पाणी’ म्हणतो तेव्हा घरी आजी ‘नीरु’ म्हण म्हणून दटावते, आणि शाळेत ‘नीरु’ म्हटलं की तुमचे सहकारी ‘पाणी’ म्हण म्हणतात. आता तो पाणी मागायचं सोडून नुसता तांब्याकडे बोट दाखवतो. आजी त्याच्या भल्यासाठी बोलते, शिक्षकही. दोघांचाही आवाज त्या पोराच्या कानावर रोज पडतो. इथे लिहा, ठसठशीत लिहा: ‘भाषेबाबत घर आणि शाळा यांच्यात विसंवाद आहे.’ आणि हे वाक्य मुख्याध्यापकांनी खोडलं, तर त्यांना त्या मुलाच्या वर्गात घेऊन जा.